मोटारीच्या अंतर्भागासाठी संरक्षक लेप : निवड कशी करावी?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोव्यातील कोणत्याही वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागलेली दिसते. बाहेरून धुणे आणि आतून व्हॅक्यूम करणे आटोपले की तेथील कामगार हमखास विचारतो, ‘बाब, आत पॉलिश मारू?’ मालकाने मान हलवली की बाटलीतील द्रव स्पंजावर घेतला जातो आणि त्याच स्पंजाने डॅशबोर्ड, दरवाजे, स्टिअरिंग, आसने, कधीकधी पेडलसुद्धा पुसून निघतात. गाडी नव्यासारखी चमकते. बाटलीत काय होते आणि ते कोठे लावले गेले, याची चौकशी सहसा होत नाही.

ही चौकशी होणे मात्र आवश्यक आहे. मोटारीच्या आत एकाच वेळी सात-आठ प्रकारचे पृष्ठभाग असतात. एकाला मानवणारा लेप दुसऱ्याला अपायकारक ठरतो आणि तिसऱ्यावर तो थेट अपघाताला निमंत्रण देतो. शिवाय चकाकी आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात ज्याला सरसकट ‘डॅशबोर्ड पॉलिश’ म्हटले जाते, त्यातील पुष्कळ उत्पादने पहिली गोष्ट देतात आणि दुसरीचे केवळ आश्वासन देतात.

ऊन नेमके काय बिघडवते?

उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील उष्णतेची मोजणी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पे येथे झाली होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास व त्याहून अधिक तापमानाच्या दिवसांत, तासाभर उन्हात राहिलेल्या गाडीतील हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत तापल्याचे आढळले. आसने ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड तब्बल ६९ अंशांपर्यंत पोहोचला होता. गोव्यात हवेचे तापमान इतके चढत नाही. तथापि मे महिन्यात मांडवीकाठी किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर दुपारभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून पाहिलेल्या कोणालाही या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

उष्णतेसोबत अतिनील किरणांचाही विचार करावा लागतो. परंतु येथे एक गैरसमज रूढ आहे. गाडीची समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून बनवलेली असते. हा थर बहुतेक सर्व अतिनील किरण अडवतो. त्यामुळे डॅशबोर्डचे मुख्य शत्रुत्व अतिनील किरणांपेक्षा उष्णतेशी असते. बाजूच्या काचा बहुधा एकेरी, कडक केलेल्या असतात आणि त्यांतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. म्हणूनच दरवाजाच्या पॅनेलची वरची कड आणि मागच्या काचेखालची फळी यांचा रंग अनेकदा डॅशबोर्डच्या आधी उडतो. ‘अतिनील किरणांपासून संरक्षण’ असे लिहिलेल्या लेपाची खरी गरज या जागांना असते.

मऊ पीव्हीसीच्या आवरणात लवचीकपणासाठी काही तेलकट रसायने मिसळलेली असतात. उष्णतेने ती हळूहळू बाहेर पडतात, आवरण कडक होते आणि शेवटी त्याला चिरा जातात. बाहेर पडलेल्या रसायनांचा काही भाग समोरच्या काचेच्या आतील बाजूवर धूसर थर होऊन बसतो. ही झीज लेपाने मंदावू शकते, थांबत नाही. आणि एकदा गेलेली चीर कोणताही लेप भरून काढत नाही.

गोव्याच्या हवेतील दमटपणा हा तिसरा घटक. काही गाड्यांच्या बटणांवर आणि दरवाजाच्या मुठींवर हाताला मखमली वाटणारा पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमट उष्णतेत पाण्याच्या वाफेमुळे त्याचे रासायनिक बंध तुटतात आणि काही वर्षांनी तो चिकट होतो. असा पृष्ठभाग मळका समजून त्यावर पॉलिश चढवले, तर चिकटपणा वाढतो. तेथे तो भाग बदलणे किंवा जाणकाराकडून तो थर काढून घेणे, हेच उपाय उरतात.

बाटलीत असते काय?

बाजारातील बहुतेक लेपांचा मुख्य घटक सिलिकॉन तेल हा असतो. सिलिकॉन उष्णतेत टिकते, सहज पसरते, पाणी दूर ठेवते आणि फिकट पडलेल्या प्लास्टिकला गडद रंगाची झाक देते. ‘सिलिकॉनमुळे डॅशबोर्ड फुटतो’ हा समज जसाच्या तसा खरा नाही. प्रश्न असतो तो सिलिकॉन कोणत्या माध्यमात मिसळले आहे याचा.

पहिला प्रकार पेट्रोलियम द्रावकातील लेपांचा. हे लेप बहुधा पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलसारख्या वासाचे असतात. चमक भरपूर देतात, पण द्रावक प्लास्टिक व रबर यांना कालांतराने हानी पोहोचवू शकतो. टायरसाठी विकली जाणारी बरीच चकाकणारी पॉलिशे याच जातीची असतात. ती गाडीच्या आत कधीही वापरू नयेत.

दुसरा प्रकार पाण्यातील लेपांचा. यात सिलिकॉनचे किंवा अन्य पॉलिमरचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात, त्यामुळे द्रव बहुधा दुधाळ दिसतो. पाणी उडून जाते आणि मागे पातळ थर राहतो. अंतर्भागासाठी हा प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो. यातही ‘चकाकी’ देणारे आणि ‘मॅट’ म्हणजे मूळ रंग कायम ठेवणारे असे दोन उपप्रकार मिळतात.

तिसरा प्रकार कोरडा थर देणाऱ्या लेपांचा. यात ॲक्रिलिक पॉलिमर किंवा अलीकडे ‘सिरॅमिक’ नावाने विकली जाणारी सिलिका-आधारित द्रव्ये येतात. ती हाताला तेलकट लागत नाहीत आणि तुलनेने अधिक काळ टिकतात. मात्र पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ नसेल, तर त्याखालची धूळ व डागही तेवढेच टिकून राहतात.

चकाकीची किंमत

गाडी बनवणारे डॅशबोर्डचा वरचा भाग मुद्दाम गडद आणि खरखरीत ठेवतात. समोरची काच तिरपी असल्याने डॅशबोर्डवर पडलेला प्रकाश तिच्यावर उमटतो आणि तेथून चालकाच्या डोळ्यांत येतो. पृष्ठभाग मॅट असेल तर हा प्रकाश विखुरतो. चकचकीत पॉलिश लावले की डॅशबोर्डचे प्रतिबिंबच काचेवर पसरते आणि पलीकडचा रस्ता पुसट होतो.

चोर्ला किंवा अनमोड घाटातून जाणाऱ्यांना याचा अनुभव सहज येतो. डॅशबोर्डवर ऊन पडलेले असते आणि पुढचे वळण झाडीच्या दाट सावलीत असते. अशा वेळी काचेवरचे प्रतिबिंब सर्वाधिक ठळक होते आणि सावलीतला दुचाकीस्वार, पादचारी किंवा रस्त्यावर बसलेली गुरे उशिरा दिसतात. पावसाळ्यात दुसरी अडचण उभी राहते. फवारा मारताना उडालेले सिलिकॉनचे कण काचेच्या आतल्या बाजूला बसतात. रात्री समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे त्या थरावर फाकतात, आणि नुसत्या ओल्या फडक्याने तो थर निघत नाही.

यावरून पहिला नियम निघतो : डॅशबोर्डच्या वरच्या भागासाठी मॅट लेपच घ्यावा. चकाकीचा आग्रहच असेल, तर तो दरवाजाच्या खालच्या पॅनेलपुरता मर्यादित ठेवावा.

कोठे लेप लावू नये?

काय लावावे यापेक्षा कोठे लावू नये, हे आधी ठरवणे हिताचे.

स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि हँडब्रेक : या तीन जागी हात घसरता कामा नये. ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणे एवढीच त्यांची निगा.

पेडल आणि रबरी पायपुसणी : पावसात चपलेचा तळ आधीच ओला असतो. त्यात पेडलवर सिलिकॉनचा थर असेल, तर ऐन ब्रेकच्या वेळी पाय निसटू शकतो. पायपुसण्या चमकवण्याची प्रथा याच कारणासाठी सोडून द्यावी.

सीटबेल्ट : पट्ट्याच्या धाग्यांवर कोणतेही रसायन, ब्लीच किंवा पॉलिश लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून तो सावलीत पूर्ण वाळवावा आणि मगच आत गुंडाळू द्यावा.

एअरबॅगची आवरणे : भारतात नव्या मोटारींना चालकाच्या बाजूची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली, एप्रिल २०२१पासून नव्या मॉडेलना शेजारच्या आसनासाठीही ती बंधनकारक झाली. ही दुसरी एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते आणि अनेक गाड्यांत तिची फाटण्याची रेषा वरून दिसतही नाही. द्रावकांमुळे तेथील आवरण कमकुवत झाले, तर एअरबॅग उघडताना त्याचे तुकडे उडण्याचा धोका असतो. म्हणून अनेक वाहनांच्या मालक-पुस्तिकांत या जागी द्रावकयुक्त उत्पादने वापरू नयेत, असे बजावलेले असते. तेथे फक्त ओलसर फडके वापरणे सर्वांत सुरक्षित. आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते, हे एकदा वाचून घ्यावे.

टचस्क्रीन, मीटरवरची पारदर्शक काच आणि आरशासारखे काळे प्लास्टिक : यांवर लेपाचा उपयोग नाही. अमोनियायुक्त काच-क्लीनर आणि सॅनिटायझर यांमुळे पारदर्शक प्लास्टिक धुरकट होऊ शकते. स्वच्छ, किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरे. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर मात्र आधी ब्रशने धूळ झटकावी. कोरड्या फडक्याने घासले की बारीक ओरखडे कायमचे राहतात.

पृष्ठभाग पाहून निवड

कठीण प्लास्टिक : छोट्या व मध्यम गाड्यांत डॅशबोर्ड व दरवाजांचा बराच भाग पॉलिप्रॉपिलीनसारख्या कठीण प्लास्टिकचा असतो. ते मुळातच टिकाऊ असते. पाण्यातील मॅट लेप दीड-दोन महिन्यांतून एकदा लावला तरी चालतो.

मऊ पीव्हीसी आवरण : बोटाने दाबल्यास किंचित आत जाणारा हा पृष्ठभाग उष्णतेत अधिक झिजतो. येथे द्रावकयुक्त लेप कटाक्षाने टाळावा. पाण्यातील, अतिनील-रोधक घटक असलेला मॅट लेप घ्यावा.

चामडे आणि रेक्झिन : ‘लेदर सीट’ म्हणून विकली जाणारी अनेक आसने प्रत्यक्षात रेक्झिनची, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन चढवून बनवलेली असतात. अस्सल चामड्यावरही आजकाल रंगीत पॉलिमरचा थर असतो, त्यामुळे ‘चामड्याला पोसणारे’ तेल त्यात फारसे मुरत नाही, वरच राहते. आसनांसाठी सौम्य क्लीनरने नियमित सफाई आणि त्यानंतर कोरडा थर देणारा, तेलकट नसलेला लेप, हा क्रम योग्य. चालकाचे आसन घसरते होईल असा कोणताही लेप नको. बारीक छिद्रे असलेल्या आसनांवर द्रव थेट ओतू वा फवारू नये. कापडावर घेऊनच पुसावा. बाजूची एअरबॅग आसनातच बसवलेली असेल, तर जाड सीट कव्हर घालण्यापूर्वी ते त्या एअरबॅगला अडथळा करत नाही ना, याची खात्री करावी.

कापडी आसने : यांना डॅशबोर्डचा लेप लावणे म्हणजे डाग पाडून घेणे. कापडासाठी पाणी न शोषू देणारे वेगळे फवारे मिळतात. त्यांपैकी काहींत फ्लोरिनयुक्त रसायने असतात आणि ती निसर्गात फार दीर्घकाळ टिकून राहतात. त्यामुळे लहान मुले असलेल्या घरांनी धुता येणारे सुती कव्हर वापरणे अधिक बरे.

दरवाजांची रबरे : पावसाळ्यात पाणी आत येऊ न देण्याचे काम ही रबरे करतात. पेट्रोलियम ग्रीस किंवा इंजिन ऑइलने हे रबर फुगते आणि सैल पडते. येथे मात्र सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात उपयोगी पडतो.

खरेदी करताना

बाटलीवरील शब्द नीट वाचले, तर निम्मी निवड तेथेच होते. ‘वॉटर बेस्ड’, ‘मॅट’, ‘नॅचरल फिनिश’, ‘नॉन-ग्रीसी’ हे शब्द अंतर्भागासाठी अनुकूल समजावेत. ‘हाय ग्लॉस’ किंवा ‘वेट लूक’ म्हणजे चकाकी. ज्वालाग्राही असल्याची खूण असेल, तर आत द्रावक किंवा ज्वलनशील वायू आहे, हे ओळखावे. अतिनील-रोधक घटकाचा उल्लेख नसेल, तर तसे संरक्षण गृहीत धरू नये. उत्पादन डॅशबोर्डसाठी आहे की टायर व बंपरसाठी, हेही पाहावे. सुट्या डब्यातून भरून दिले जाणारे बिनलेबलचे द्रव घेऊच नयेत. उग्र सुगंधाची उत्पादने बंद काचांच्या गाडीत मळमळ व डोकेदुखी आणतात. घाटरस्त्याने प्रवास करणाऱ्या मुलांना त्याचा त्रास आधी होतो.

फवाऱ्याच्या डब्यांबाबत एक विशेष सावधगिरी हवी. अशा डब्यांवर बहुधा ५० अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये, अशी सूचना छापलेली असते. उन्हातल्या गाडीत डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो, हे वरील आकड्यांवरून दिसतेच. डबा गाडीत विसरल्यास तो फुटू शकतो. म्हणून काम झाले की तो घरात आणावा.

नवे उत्पादन आणल्यावर ते आधी ग्लोव्हबॉक्सच्या आतल्या कडेला किंवा डॅशबोर्डच्या खालच्या, नजरेआड भागावर लावून पाहावे. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर पांढरे सुती फडके फिरवावे. फडक्याला तेल लागले, रंग उतरला किंवा बोट घसरले, तर ते उत्पादन पुढे वापरू नये.

लावण्याची रीत

लेप सावलीत आणि गाडी थंड असतानाच लावावा. तापलेल्या पृष्ठभागावर पाणी चटकन उडते व डाग राहतात. प्रथम व्हॅक्यूमने धूळ व वाळू काढावी. समुद्रकिनाऱ्यावरून आलेली वाळू किंवा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लाल धूळ न काढता फडके फिरवले, तर ते सँडपेपरसारखे काम करते. एसीच्या जाळ्या मऊ ब्रशने झटकाव्यात. मग सौम्य क्लीनर लावलेल्या ओलसर मायक्रोफायबर कापडाने पुसून पृष्ठभाग कोरडा करावा.

लेप थेट डॅशबोर्डवर फवारू नये. तो स्पंजावर किंवा कापडावर घेऊन पातळ पसरवावा. म्हणजे काच, बटणे आणि स्टिअरिंग यांवर तो उडत नाही. पाच-दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने उरलेला अंश पुसून घ्यावा. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि नेमका तोच उरलेला अंश पुढे धूळ धरतो. काम चालू असताना चारही दरवाजे उघडे ठेवावेत. शेवटी समोरची काच आतून स्वच्छ करावी.

वॉशिंग सेंटरवर काम करून घ्यायचे असल्यास, ‘डॅशबोर्डला मॅट लावा, स्टिअरिंग, पेडल, पायपुसण्यांना काही लावू नका’ एवढे एक वाक्य आधी सांगितले तरी पुरते. आपली बाटली सोबत नेण्यातही संकोच करण्याचे कारण नाही.

पावसाळा, बुरशी आणि घरगुती उपाय

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात बंद गाडीत बुरशी धरण्याची तक्रार नेहमीची. स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि रेक्झिनची आसने यांवर पांढरट ठिपके प्रथम दिसतात. बुरशीला वाढण्यासाठी ओलावा आणि पोषण लागते. हाताचा घाम, त्वचेचे तेल, सांडलेले खाद्यपदार्थ हे पोषण पुरवतात. लेपामुळे बुरशी हटत नाही. आधी ती पूर्ण पुसून, उघडीप मिळताच दरवाजे उघडून गाडी वाळवावी. ओले रेनकोट व छत्र्या आत ठेवू नयेत. पायपुसणीखालचे कार्पेट ओले नाही ना, हे आठवड्यातून एकदा हाताने चाचपून पाहावे.

किनारपट्टीवर अनेक घरांत डॅशबोर्डला खोबरेल तेल लावण्याची सवय आहे. तेल पहिल्या दिवशी चमक देते. पुढे ते खवट होते, धूळ धरते, मुंग्यांना बोलावते आणि पावसाळ्यात बुरशीला खाद्य ठरते. रॉकेल, पेट्रोल, बूटपॉलिश, टूथपेस्ट हे उपायही टाळावेत. तशीच काळजी सनस्क्रीन आणि डास पळवणाऱ्या मलमांची घ्यावी. किनाऱ्यावरून परतलेल्या प्रवाशांच्या हातांवरचे सनस्क्रीन दरवाजाच्या पॅनेलवर पांढरे डाग पाडते, आणि काही डासरोधकांतील डीईईटी नावाचे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग चक्क विरघळवते. भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी असे डाग दिसताच ओल्या फडक्याने पुसून काढावेत. वरून पॉलिश चढवल्याने ते झाकले जात नाहीत.

सावलीचा लेप

कोणताही लेप उष्णता अडवत नाही. उभ्या गाडीच्या समोरच्या काचेआड लावायचा परावर्तक पडदा, झाडाची किंवा इमारतीची सावली आणि गाडी सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे उघडलेले दरवाजे, या साध्या गोष्टी डॅशबोर्डचे आयुष्य लेपापेक्षा अधिक वाढवतात. लेपाचे काम त्यानंतरचे आहे. स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर, योग्य जागी, पातळ हाताने लावलेला मॅट लेप धूळ बसू देत नाही, दरवाजांच्या कडांचा रंग काही काळ राखतो आणि चालकाच्या दृष्टीआड येत नाही. पुढच्या वेळी ‘आत पॉलिश मारू?’ असा प्रश्न आला, तर होकार देण्यापूर्वी बाटली हातात घेऊन तिचे लेबल वाचावे आणि स्टिअरिंग व पेडल वगळण्यास सांगावे.